सालबर्डीच्या अंड्यांचा पंचनामा

मोर्शी तालुक्यातली सालबर्डी बहुतेकांना ठाऊक आहे ती महादेवामुळे. महाशिवरात्रीला सातपुड्याच्या कपारीतल्या त्या देवाला वऱ्हाडातून आणि पलीकडच्या बैतूल जिल्ह्यातून माणसांची रीघ लागते. महानुभावांनाही हे ठिकाण वंदनीय आहे. याच परिसरात चुनखडीचा एक जुना थर उघडा पडलेला दिसतो. जबलपूरच्या लमेटा घाटावरून भूशास्त्रज्ञ त्याला लमेटा म्हणतात. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे ए. के. श्रीवास्तव आणि आर. एस. मानकर यांनी या थरात मिळालेलं डायनोसॉरच्या पुढच्या पायाचं हाड २०१३ मध्ये प्रसिद्ध केलं आणि २०१५ मध्ये डायनोसॉरच्या अंड्यांचं घरटं.

त्या घरट्यावरून आमच्या घरात जुंपली. काका अमरावतीला भूशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ताई अकोल्याला फौजदारी वकिली करते. पुरावा हा दोघांच्याही पोटापाण्याचा विषय, पण त्याकडे पाहण्याची तऱ्हा इतकी वेगळी की एका रविवारी जेवणानंतर सुरू झालेलं बोलणं दिवेलागणीपर्यंत चाललं. ते मला जसं आठवतं तसं लिहितो आहे. जिथे मला राहवलं नाही तिथे माझंही मत घातलं आहे.

ताई : काका, मला एक सांगा. सहा-सात कोटी वर्षांपूर्वी कोणीतरी मोर्शीजवळ अंडी घातली, हे तुम्ही एवढं छातीठोक कसं काय सांगून राहिले? पाहणारा कोणी नाही, घालणारीचं प्रेत जागेवर नाही. चुनखडीतले गोल दगड तेवढे आहेत.

काका : पाहणाऱ्यावर तुझा भरवसा कधीपासून बसला? डोळ्यांनी पाहणाराच आधी फितूर होते, असं तूच सांगते ना?

ताई : होते फितूर. म्हणून तर परिस्थितिजन्य पुरावा चालते. पण त्याला शिस्त आहे. सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ चा सारडा निकाल आम्हाला तोंडपाठ असते. खटला आपल्या महाराष्ट्रातलाच. एकेक परिस्थिती आधी स्वतंत्रपणे शाबीत झाली पाहिजे. आरोपी दोषी असू शकते एवढ्यानं भागत नाही, तो दोषी असलाच पाहिजे इथपर्यंत जावं लागते. सगळ्या कड्या जुळून दुसरी कोणतीही वाजवी शक्यता उरली नाही, तरच शिक्षा. एक कडी निसटली की संशयाचा फायदा आरोपीला. आता तुमची साखळी काढा.

काका : काढतो ना. पहिली कडी, हा दगड अंडं आहे का? तुझा संशय इथूनच सुरू व्हायला पाहिजे, कारण आपल्याकडे गोल चुनखडीला तोटा नाही. विहीर खोदली की कंकराचे गोटे निघतात. लमेट्याच्या थरात तर असे गोटे रगड. गोल आहे म्हणून अंडं, असं लिहिणाऱ्या पोराला मी पहिल्या वर्षालाच नापास केलं असतं.

ताई : मग ओळखता कसं?

काका : कवचावरून. गोटा फुटला तर आतबाहेर सारखाच असते, किंवा कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. अंड्याला बाहेरून काही मिलिमीटर जाडीचा वेगळा पदर असते. त्या पदराचा काप घ्यायचा, काचेवर चिकटवायचा आणि घासत घासत मिलिमीटरच्या तीन शतांशाइतका पातळ करायचा. मग तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा.

असा काप मी स्वतः पाहिला आहे. आतल्या बाजूला एकेका बिंदूपासून कॅल्साइटचे स्फटिक फुटतात आणि वर जाताना रुंद होत जातात, जणू उघडलेल्या पंख्यांची रांग. पंख्यावर कमानीसारख्या बारीक रेषा असतात, त्या कवच वाढत गेल्याच्या खुणा. वरचं टोक गोलसर, म्हणून अंड्याचा पृष्ठभाग हाताला पुरळ उठल्यासारखा खरखरीत लागतो. दोन पंख्यांच्या मध्ये कुठे कुठे उभी पोकळ नळी दिसते. तीतून आतल्या जिवाला हवा मिळायची. तबकडी फिरवली की प्रकाश एका पंख्यातून दुसऱ्यात सरकत जातो. चुन्याच्या साध्या गोट्यात हे काहीच नसतं. एवढं पाहिल्यावर तो दगड कोणत्यातरी जिवाने घातलेला आहे याबद्दल माझ्या मनात शंका राहिली नाही.

ताई : बरं, अंडं कबूल. वय?

काका : सालबर्डीला लमेट्याच्या वर आपला काळा दगड आहे, दख्खनचा लाव्हा. त्याचं वय किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून काढता येते, साडेसहा कोटी वर्षांच्या आगेमागे. वरच्या थराच्या आधी खालचा साचला, यात वकिलालाही हरकत नसावी.

ताई : नाही. आता खरी उलटतपासणी. अंडी कोणाची?

काका : या अंड्यांना आम्ही मेगालूलिथस म्हणतो. ते नाव कवचाच्या बांधणीला आहे, घालणारीला नाही. मुद्दामच तसं ठेवलं आहे. आईचं नाव माहीत नसताना अंड्याची नोंद करता यावी म्हणून.

ताई : पण तुम्ही तर शेजारपाजारी टायटॅनोसॉर म्हणून सांगून राहिले. तो लांब मानेचा, झाडपाला खाणारा. कशावरून? त्याच भागात हाड सापडलं म्हणून?

काका : नाही. तेवढ्यावरून म्हटलं असतं तर तू मला फाडून खाल्लं असतं, आणि बरोबर केलं असतं. तुला १९२३ ची मंगोलियातली गोष्ट सांगतो, तुझ्याच कामाची आहे. अमेरिकन संग्रहालयाची मोहीम गोबीच्या वाळवंटात गेली. तिथे अंड्यांचं घरटं मिळालं आणि त्याच्यावर एका लहान डायनोसॉरचा सांगाडा. त्या भागात प्रोटोसेराटॉप्स नावाच्या प्राण्याचे सांगाडे ढिगानं सापडत होते, म्हणून अंडी त्याचीच, असं ठरलं. मग हा दुसरा प्राणी तिथे काय करत होता? चोरी! १९२४ मध्ये हेन्री ऑसबर्ननं त्याचं नावच ओव्हिरॅप्टर ठेवलं, म्हणजे अंडी पळवणारा.

ताई : घटनास्थळी हजर म्हणून आरोपी.

काका : आणि सत्तर वर्षं आरोपीच राहिला. १९९३ मध्ये मंगोलियातच तसल्याच एका अंड्यात अर्भकाची हाडं मिळाली. ते अर्भक ओव्हिरॅप्टरच्याच कुळातलं निघालं. त्याच वर्षी त्या कुळातला एक प्राणी घरट्यावर पाय दुमडून, कोंबडीसारखा बसलेला सापडला. चोर म्हणून ज्याला धरलं तो आपल्याच अंड्यांवर होता.

ताई : पाहा! शेजारी सापडला एवढ्यावर शिक्षा झाली की हेच होते. ऑसबर्नला शंकाही आली नाही?

काका : आली होती. हे नाव त्या प्राण्याच्या सवयींबद्दल आपली दिशाभूल करणारं ठरू शकते, असं त्यानं त्याच लेखात लिहून ठेवलं आहे. पण शंका लेखात राहिली आणि नाव जगभर गेलं.

ताई : मग सालबर्डीत तुम्ही वेगळं काय करून राहिले?

काका : सालबर्डीचं हाड मी साक्षीला काढलंच नाही. माझा साक्षीदार अर्जेंटिनाचा आहे. १९९७ मध्ये पातागोनियात औका माहुएवो म्हणून जागा सापडली. हजारो अंडी. काहींच्या आत अर्भकं, दात आणि कवटीसकट, कातडीचे ठसेसुद्धा. अर्भकं टायटॅनोसॉरची आणि कवच याच घडणीचं. म्हणजे हे कवच कोण घालत होतं, ते निदान एका ठिकाणी अंड्याच्या पोटातूनच कळलं. त्यावरून मी सालबर्डीपर्यंत येतो.

ताई : अर्जेंटिनातला साक्षीदार मोर्शीच्या खटल्यात? सारखं कवच दुसऱ्या एखाद्या कुळाला नसेल कशावरून?

काका : हा प्रश्न योग्य आहे. म्हणून मी ‘टायटॅनोसॉरांपैकी कोणीतरी’ इथे थांबतो. जात सांगत नाही. उद्या भारतात याच कवचात दुसऱ्याच प्राण्याचं अर्भक निघालं तर मी माझं म्हणणं मागे घेईन. कोणत्या पुराव्यानं आपण हरू, हे आधी सांगून ठेवायचं, ही आमच्याकडची शिस्त. तुझ्या वकीलपत्रात असं कलम असते का?

ताई : नसते. आमच्याकडे ते काम समोरचा वकील करते.

इथे काका क्षणभर गप्प झाले. ताईचा पुढचा मुद्दा मला त्या दिवसातला सर्वांत वजनदार वाटला.

ताई : आणि तीच तुमची उणीव आहे काका. कोर्टात पोलीस तपास करतात, सरकारी वकील मांडते, मी खोडून काढते आणि निकाल तिसराच माणूस देते. तुमच्याकडे ज्यानं खोदलं तोच तपास अधिकारी, तोच साक्षीदार, तोच तज्ज्ञ आणि निकालही त्याचाच. १८७२ चा पुरावा कायदा गेला, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला. तज्ज्ञाचं मत दोन्हीकडे मतच आहे, ते तपासून घ्यावं लागते. तुमच्याकडे कोण तपासते?

काका : पुढचा माणूस. कधी त्याच वर्षी, कधी वीस वर्षांनी. गुजरातमधलं ढोली डुंगरीचं उदाहरण घे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या धनंजय मोहबेंना तिथे १९८० च्या दशकात एक शिळा मिळाली. तीत डायनोसॉरची अंडी होती आणि बारीक हाडं. ही सगळी हाडं अंड्यातून निघालेल्या पिल्लाची, असं त्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं. २००१ मध्ये अमेरिकेतले जेफ विल्सन ती शिळा पाहायला आले. काही मणके पाहून ते म्हणाले, हा तर साप आहे.

ताई : सापाचा मणका ओळखू येते?

काका : सापाच्या मणक्यांना एकमेकांत अडकणारे जादा सांधे असतात. ते पिल्लाला नसतात. मग शिळा आणखी साफ केली. पिल्लू अर्ध्या मीटरचं, साप साडेतीन मीटरचा. साप एका चिरडलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून होता, डोकं वेटोळ्यावर. २०१० मध्ये दोघांनी इतर सहकाऱ्यांबरोबर लेख लिहिला आणि सापाचं नाव ठेवलं सनाजेह इंडिकस. मोहबे लेखात आहेत, हे लक्षात घे. ज्यानं पहिला अर्थ लावला तोच दुसऱ्या अर्थावर सही करून राहिला.

ताई : ते मला आवडलं. पण खटला तोच ओव्हिरॅप्टरचा! अंड्यांजवळ सापडला म्हणून साप खुनी. पुरात सगळं एकत्र वाहून आलं नसेल कशावरून?

काका : वाहून आलं असतं तर मणके सुटे होऊन पसरले असते. इथे वेटोळं शाबूत आहे. म्हणजे वरून गाळ आला तेव्हा सगळे जागच्या जागी गाडले गेले. दुसरं, त्याच ठिकाणी अंड्यांजवळ साप पुन्हा सापडला. एकदा सापडला तर योगायोग म्हणता येते. तिसरं, जबडा. या सापाचा जबडा अजगरासारखा फाकत नव्हता. अख्खं अंडं त्याला गिळता आलं नसतं. म्हणून लेखक असं म्हणत नाहीत की तो अंडी खायचा. अंड्यातून नुकतं बाहेर आलेलं पिल्लू त्याच्या तोंडाच्या मापाचं होतं, असं म्हणतात.

ताई : म्हणजे आरोप सौम्य करून ठेवला, पण शाबीत होईल असा. ओव्हिरॅप्टरच्या वेळी हे कोणी केलं नव्हतं. तोंड पाहिलं नाही, पुन्हा तसं सापडते का ते पाहिलं नाही.

काका : आणि हे सगळं जमलं कशामुळे? शिळा होती तशी ठेवली होती म्हणून. कोणी हौसेनं अंडी फोडून दिवाणखान्यात मांडली असती, हाडं फेकली असती, तर विल्सन काय पाहणार होते?

मला वाटतं, दोघांचं खरं एकमत इथे झालं, जरी त्यांनी ते कबूल केलं नाही. कोर्टात अपील करता येतं कारण कागद जपलेले असतात. जमिनीतल्या पुराव्याचं अपील करायचं तर वस्तू जपली पाहिजे. ती कुठे, किती खोल, कोणत्या बाजूला कलून, कशाला टेकून होती हेही जपलं पाहिजे. जागेवरून उचललेलं अंडं किती जुनं हे एक वेळ सांगता येईल, पण ते एकटं होतं की दहांत होतं, मऊ वाळूत होतं की पुराच्या गाळात, हे कोणालाही सांगता येणार नाही.

ताई : आता दुसरं विचारते. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात खूप घरटी सापडली ना?

काका : ब्याण्णव घरटी, २५६ अंडी. दिल्ली विद्यापीठाच्या हर्षा धीमान आणि गुंटुपल्ली प्रसाद यांचा लेख २०२३ चा. घरटी इतकी जवळजवळ आहेत की मोठ्या जनावराला मधून फिरायला जागाच नाही. त्यावरून त्यांनी म्हटलं, अंडी घालून मादी निघून जात असावी, पिल्लांचं पिल्लांनी पाहायचं.

ताई : सगळी घरटी एकाच हंगामातली होती काय?

काका : ...

ताई : नाही, सांगा ना. यंदा दहा घरटी, पुढच्या साली त्यांच्या बाजूला दहा, असं शंभर वर्षं चाललं तर आज तुम्हाला ती खेटून दिसतीलच. त्या-त्या वर्षी मात्र मादीला फिरायला जागा मोकळीच असेल.

काका : हा घाव नेमका बसला. एक थर म्हणजे एक दिवस नाही, हे मी पोरांना आयुष्यभर शिकवलं. खेटून असलेली घरटी एकाच वेळची होती हे वेगळं दाखवावं लागते. एका घरट्यानं दुसऱ्याला कापलं आहे का, मध्ये गाळाचा पापुद्रा आहे का, हे एकेक पाहावं लागते. तोवर ‘मादी निघून गेली’ हे विधान ‘हे अंडं आहे’ या विधानाच्या ओळीत बसवू नये. एवढं मी देतो तुला.

ताई : मग तुमच्याकडे शिक्षेच्या पायऱ्या आहेत म्हणायच्या.

काका : हो. आणि तिथेच कोर्ट आणि आम्ही वेगळे होतो. तुला दोषी की निर्दोष एवढंच म्हणता येते, कारण माणसाला सोडायचं की डांबायचं ते आज ठरवावं लागते. आम्हाला कोणाला फाशी द्यायची नाही. म्हणून आम्ही एकाच पुराव्यातून तीन विधानं काढून तिन्हींना वेगळी किंमत देऊ शकतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याची लेंडं घे.

ताई : लेंडं?

काका : दगड झालेली विष्ठा. पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या हाडांबरोबर ती गोळा करता येते. सी. ए. मॅटलीनं १९३९ मध्ये त्यांच्यावर लेख लिहिला. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी ती विरघळवून आत काय आहे ते पाहिलं. गवतात वाळूसारख्या सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, गाईचे दात झिजतात ते त्यांच्यामुळेही. गवत कुजलं तरी कण राहतात आणि गटागटाचे आकार वेगळे. लेंडांत निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतंच. आता विधानं मोज. तेव्हा गवत होतं, हे पक्कं. ते कोणीतरी खाल्लं, हेही पक्कं, नाहीतर विष्ठेत आलं कसं? टायटॅनोसॉरनं खाल्लं, हे त्याहून कच्चं, कारण लेंडावर मालकाचं नाव नसते. शेजारी त्याची हाडं आहेत एवढंच.

ताई : आणि शेजारच्या हाडांचं काय होते ते आपण मंगोलियात पाहिलं.

काका : बरोबर. पण तिसरी कडी ढिली म्हणून पहिल्या दोन सोडून द्यायच्या काय? तुझं कोर्ट सगळी साखळी फेकून देईल. मी पहिल्या दोन ठेवीन आणि तिसरीपुढे प्रश्नचिन्ह लावीन.

ताईला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, प्रश्नचिन्ह शाळेच्या पुस्तकात जाईपर्यंत गळून पडतं. ओव्हिरॅप्टरच्या बाबतीत तेच झालं होतं, त्यामुळे काकांना फार बोलता आलं नाही. माझ्या मते दोष अनुमानाचा नाही, ते पुढे पोचवणाऱ्यांचा आहे, आणि त्यात आम्ही लिहिणारे पहिले.

चहा झाला. ताईने विषय माणसांकडे वळवला.

ताई : प्राण्यांचं ठीक आहे. त्यांना पोट असते आणि तोंडाचं माप असते. माणसाचं काय? इनामगावला मेलेल्यांचे पाय कापलेले सापडले, भूत बनून परत येऊ नयेत म्हणून कापले, असं मी कॉलेजात शिकली. हे कोणी पाहिलं?

काका : शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी. डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ पर्यंत तिथे खोदलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर. वस्ती साधारण इसवीसनपूर्व १६०० ते ७००. प्रौढ माणसं खड्ड्यात उताणी निजवलेली, उत्तर-दक्षिण, आणि घोट्याच्या खालची हाडं नाहीत. एकाचं असं असतं तर उंदीर, नांगर, काहीही म्हटलं असतं. पण ही रीतच दिसते. म्हणजे पाय मुद्दाम तोडले, हे मी तुझ्या कोर्टातही शाबीत करीन.

ताई : करा. कृत्य मला मान्य आहे. मी हेतू विचारून राहिली. कृत्य आणि हेतू आम्ही वेगळे शाबीत करतो, आणि कृत्य शाबीत झालं म्हणून हेतू आपोआप शाबीत होत नाही.

काका : हेतू आजच्या समाजांच्या चालीरीतींवरून लावला. मेलेला परत येईल ही भीती पुष्कळ ठिकाणी आहे.

ताई : तीन हजार वर्षांनंतरच्या माणसाची साक्ष. उद्या कोणी म्हणेल, पाय तोडले कारण पायात देव राहते, ते वेगळे पुजायचे होते. तुमच्याकडे उत्तर आहे?

काका : पूर्ण नाही. पण एक गोष्ट आहे. तिथे एका पाच खोल्यांच्या घरात चार पायांचं, न भाजलेल्या मातीचं मोठं भांडं निघालं. माणसाच्या धडासारखं घडवलेलं. आत एक पुरुष बसवलेला, आणि त्याचे पाय तोडलेले नाहीत. ढवळीकरांनी त्याला वस्तीचा प्रमुख मानलं. कारण काहीही असो, या माणसाला नियम लागू नव्हता. जो हेतू सांगायचा, त्यानं हा अपवादही उलगडला पाहिजे. भीतीचा अर्थ इथे काही प्रमाणात टिकते. ज्याचं परत येणं हवंसं वाटलं त्याचे पाय ठेवले.

ताई : छान बसते. छान बसते म्हणूनच मला भीती वाटते. सगळ्यात सुंदर जुळलेली फिर्याद मी सगळ्यात जास्त तपासते.

काका : आणि लहान बाळं. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली, आत बाळ, आणि ती पुरलेली घराच्या जमिनीखाली. आईनं ज्या चुलीजवळ...

ताई : थांबा. आई कुठून आली?

काका : म्हणजे?

ताई : मडकी दिसतात, बाळ दिसते, घर दिसते. आई तुम्ही आणली.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हो, मी आणली. पण बाळाला गावाबाहेर न नेता घरात ठेवलं, एवढं तरी जमिनीत आहे ना? ते कोणीतरी ठरवलं असेल. त्या कोणीतरीला मी चेहरा दिला.”

इथे मी कायद्याने ताईच्या बाजूचा. पण त्या कोणीतरीबद्दल काहीच वाटून न घेणारा माणूस इतकी वर्षं मातीत बसून ब्रशने हाडं मोकळी करेल, असं मला वाटत नाही. जे जमिनीत दिसलं आणि जे आपण आणलं ते वेगवेगळ्या ओळींत लिहावं, एवढीच माझी मागणी आहे. एक उदाहरण देतो. चांदूर बाजार तालुक्यातल्या तुळजापूर गढीला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८४-८५ मध्ये उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन खापरांचं इनामगावच्या संस्कृतीशी नातं सांगितलं जातं. पण भांडी सारखी म्हणून तुळजापूरचे लोकही मेलेल्यांचे पाय तोडत, असं म्हणता येत नाही.

ताई : आणि तुमची ती कातळावरची जिराफाची चित्रं?

काका : धारूळची. सालबर्डीहून फार लांब नाहीत, बैतूल जिल्ह्यात. अमरावतीच्या विजय इंगोले आणि त्यांच्या मित्रांनी २००७ पासून शोधली, मोठं काम केलं. काहींना त्यांत शहामृग दिसते, काहींना जिराफ. शहामृगाला मी जागा देईन. जळगाव जिल्ह्यात पाटण्याला पुरातत्त्वज्ञ साळींना शहामृगाच्या अंड्याचं नक्षी कोरलेलं कवच मिळालं, जवळपास पंचवीस हजार वर्षांपूर्वीचं. २०१७ मध्ये भारतातल्या जुन्या कवचातून डीएनएही निघाला, तो शहामृगाचाच. म्हणजे पक्षी इथे होता, हे चित्राशिवाय शाबीत आहे. जिराफासाठी त्या काळातलं हाड आणा, मग बोलू. लांब मान माणसाच्या हातूनही निघते.

ताई : आज पहिल्यांदा माझ्यासारखे बोलले तुम्ही.

शेवटी विषय पुन्हा सालबर्डीवर आला, कारण ताईला कृती हवी होती.

ताई : या अंड्यांना कायद्यानं संरक्षण काय? स्मारकांचा कायदा माणसानं केलेल्या वस्तूंसाठी. भू-वारशासाठी केंद्रानं २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा काढला. पण मसुदा हातात घेऊन मी उभी राहू शकत नाही.

काका : कायदा येईल तेव्हा येईल. पाऊस दरवर्षी येते. फुबगावला पूर्णेच्या पाण्यानं लोहयुगातल्या वस्तीचा तिसरा हिस्सा नेला. भोनच्या विटांच्या स्तूपावर जिगावच्या धरणाचं बुडीत आहे. मी म्हणतो, सालबर्डीची उघडी पडलेली अंडी काढून संग्रहालयात न्यावी.

ताई : अजिबात नाही. जागेवरून हलवलेला मुद्देमाल अर्धा मेलेला असते, हे दुपारभर तुम्हीच सांगितलं.

काका : आणि जागेवर ठेवला तर दोन पावसाळ्यांत कवच गळून जाईल. मग काय जागेचीच पूजा करशील? धार जिल्ह्यात लोक अशी अंडी कुलदैवत म्हणून पुजत होते. त्या निमित्तानं ती टिकली तरी. आपल्याकडे तेही नाही.

ताई : मग आधी पंचनामा. नकाशा, मापं, फोटो, थर, दिशा, सगळं. प्रत्येक अंड्याला क्रमांक. आणि त्यातलं एक घरटं तरी जागेवर राहू द्या, झाकून, कुंपण घालून, तुमच्या पुढच्या माणसासाठी.

काका : एक ठेवू. कबूल. पंचनाम्याला तू येशील?

ताई : येईन, पण पंच म्हणून माझी सही चालणार नाही. पंच त्याच गावचे लागतात, कोणत्या बाजूचे नसलेले.

काका : मग सालबर्डीतली गुरं चारणारी दोन माणसं घेऊ. कोणत्या नाल्याची कड यंदा ढासळली आणि तिथे नवीन काय उघडं पडलं, हे त्यांना माझ्याआधी माहीत असते.